तो वेळ आणि ती वेळ

मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो, आणि त्यातले इंगित व्याकरणाच्या मास्तरांपेक्षा दवाखान्याबाहेर बॅग घेऊन उभ्या असलेल्या एमआरला जास्त चांगले कळते. ‘तो वेळ’ म्हणजे जो असतो, जातो, फुकट जातो आणि कसा घालवावा असा प्रश्न पाडतो. ‘ती वेळ’ म्हणजे जी ठरते, टळते, चुकते आणि साधावी लागते. औषध कंपनीच्या या प्रतिनिधीजवळ सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत तो वेळ मुबलक असतो. ती वेळ मात्र डॉक्टरांची असते आणि दारावरच्या पाटीवर रंगवलेली असते : ‘एम. आर. : फक्त बुधवार व शनिवार, दुपारी १.३० ते २’. गंमत अशी की विक्रेत्यांसाठी जी पुस्तके निघतात आणि हॉटेलांच्या थंडगार हॉलमध्ये ज्या कार्यशाळा भरतात, त्यांत सगळा विचार पहिल्या वेळाचा असतो. पण बोलताना आपण म्हणतो ‘वेळेचे नियोजन’, म्हणजे नेमके तिचे, जिचे नियोजन दुसऱ्याच्या हातात आहे. विक्रेत्याला वेळेचे नियोजन करायला सांगणे म्हणजे वऱ्हाड्याला मुहूर्त काढायला सांगणे. मुहूर्त गुरुजी काढणार, तो नवरीचा मामा लांबवणार, आणि पंगत कधी बसायची ते आचारी ठरवणार. वऱ्हाड्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पंगत बसेपर्यंत दम टिकवणे. विक्रेत्याच्या हातातही तेवढीच आहे. म्हणून त्याने घड्याळाऐवजी दमाचा हिशेब ठेवावा आणि त्याच्या साहेबांनी त्या हिशेबात आडवे येऊ नये, एवढेच या लेखात सिद्ध करायचे आहे.

आधी साधा गुणाकार करू. धरून चालू की आपल्या एमआरला दिवसाकाठी दहा डॉक्टर भेटायचे आहेत. कंपन्यांचा आग्रह साधारण या आकड्याच्या आसपासच घोटाळतो. डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष बोलायला मिळणारा अवधी मोठ्या मनाने तीन मिनिटे धरू. तीन दाहे तीस. तेरा तासांच्या दिवसात ज्याच्यासाठी पगार मिळतो ते काम अर्धा तास चालते. उरलेले साडेबारा तास मोटारसायकल, दवाखान्याची पायरी, केमिस्टचा काउंटर, स्टॉकिस्टचे गोदाम आणि चहाची टपरी यांच्यात वाटले जातात. आता कार्यशाळेतला वक्ता त्याला सांगतो, रोज दहा मिनिटे वाचव. समजा, त्याने जवळचा रस्ता शोधून ती वाचवली. त्याचा परिणाम एवढाच की तो पुढच्या दवाखान्यात दहा मिनिटे आधी पोचतो आणि दहा मिनिटे जास्त थांबतो. त्याने वाचवलेला वेळ कुठल्याही बँकेत जमा होत नाही, तो थेट प्रतीक्षालयात खर्ची पडतो. कारकुनाने फाइल लवकर उरकली तर तो लवकर घरी तरी जातो. विक्रेत्याचे काम दोन माणसांत होते, आणि त्यातला दुसरा माणूस कार्यशाळेला आलेला नसतो.

हे प्रतीक्षालय जवळून पाहण्यासारखे आहे. मिरजेचेच घ्या. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल उभे केले, तेव्हापासून डॉक्टरांचे गाव म्हणून मिरजेचे नाव होत गेले; आणि जिथे डॉक्टर दाट तिथे एमआर दाट, आणि बाक कमी. मे महिन्यातली दुपार, दीड वाजलेला. टाय गळ्याशी आवळलेला, बॅग दोन पायांच्या मध्ये. बाकावर जागा आहे, पण ती पेशंटांची. तिथे एमआर बसला तर पेशंटच्या आधी त्याचाच अंतरात्मा त्याला उठवतो. शेजारी दुसऱ्या दोन कंपन्यांचे दोघे उभे. तिघांच्या बॅगेत एकच औषध, नावे तीन. बाजारात ते एकमेकांचे वैरी आणि या भिंतीपाशी जिवलग मित्र. सगळ्यांचे डोळे कंपाउंडरकाकांवर, कारण आत बाहेर करण्याची सत्ता डिग्रीत नसून दाराच्या कडीत असते. काका निवांतपणे तीन वाक्ये टप्प्याटप्प्याने सोडतात : ‘सर पेशंट बघतायत.’ ‘सर फोनवर आहेत.’ ‘सर जेवायला निघालेत, चला, सगळे एकदमच आत या.’ मग तिघेही मुख्याध्यापकांसमोर उभे राहावेत तसे ओळीने. ‘सर, आपलीच जुनी गोळी, फक्त नव्या पॅकमध्ये.’ ‘हो हो, लिहितोय.’ सरांची नजर मोबाइलवर, एक हात डब्याच्या पिशवीकडे. चाळीस सेकंदांत कॉल झाला. बाहेर येताच मोबाइल वाजतो, एरिया मॅनेजर विचारतात, ‘किती कॉल झाले?’ किती वेळ उभा होतास, हे विचारायची पद्धत नाही.

अशा माणसाला जगाने वेळेचे कोणते शास्त्र दिले ते पाहू. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ समोर ठेवून अभ्यास सुरू केला : पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती. पद्धत उत्तम आहे, जगभर चालते. फक्त तिच्यात गृहीत असे आहे की पंचवीस मिनिटे तुम्हाला कोणी उठवणार नाही. आपल्या एमआरची पंचवीस मिनिटे विश्रांतीसारखी दिसतात आणि कामासारखी दमवतात, मग पाच मिनिटे काम मिळते तेही तिघांत वाटून. त्याआधी, १९५५ साली, ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये पार्किन्सनसाहेबांनी आपला नियम मांडला : हाताशी जेवढा वेळ असेल तेवढे काम फुगते. सरकारी कचेरीच्या बाबतीत या नियमाला कोणी हात लावू नये. पण विक्रीत उलटे घडते. तिथे काम चाळीस सेकंदांचेच राहते आणि त्याच्या भोवतीचे थांबणे मात्र हाताशी असेल तेवढा वेळ व्यापते. तिसरे शास्त्र ऐंशी-वीसचे. अर्थशास्त्रज्ञ पॅरेटोला इटलीत थोड्या लोकांच्या हाती बहुतेक जमीन दिसली, आणि पुढे जोसेफ जुरान यांनी त्याचे नाव देऊन हा नियम कारखान्यांत नेला. आता प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात की वीस टक्के डॉक्टर ऐंशी टक्के धंदा देतात, त्यांनाच धरा. खरे आहे. पण ही यादी प्रत्येक कंपनीजवळ आहे आणि ती जवळपास एकच आहे. म्हणून तर त्या वीस टक्के डॉक्टरांच्या भिंतीपाशी ऐंशी टक्के एमआर उभे असतात.

मग या थांबण्यात खर्च काय होते? पायांचे दुखणे वरवरचे आहे. पाय रात्री गरम पाण्यात बुडवले की सकाळी चालू लागतात. खर्च होतो तो चेहरा. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या हवाई सेविका आणि थकबाकी वसूल करणारे यांचा अभ्यास करून असे मांडले की काही नोकऱ्यांत हातापायांबरोबर भावनाही कामाला जुंपल्या जातात. हवाई सेविकेने राग गिळून हसायचे, वसुलीवाल्याने दया गिळून गुरगुरायचे. आपला विक्रेता एकाच दिवसात दोन्ही पाळ्या करतो. दुपारी डॉक्टरांसमोर तो हवाई सेविका असतो आणि संध्याकाळी थकलेले बिल मागायला स्टॉकिस्टकडे जातो तेव्हा वसुलीवाला. त्यातून स्टॉकिस्ट हुशार निघाला तर तो आधी चहा मागवतो, आणि चहा पिऊन गुरगुरणे मराठी माणसाला जमत नाही. कंपनीच्या कुठल्याही तक्त्यात या हसण्याचा रकाना नाही. पेट्रोलचा भत्ता किलोमीटरवर मिळतो, मुक्कामाचा गावावर मिळतो. सातव्या दवाखान्यातून ‘नंतर या’ ऐकून बाहेर पडल्यावर आठव्यात जे ताजे हसू घेऊन शिरावे लागते, त्याचे बिल मात्र घरचे लोक भरतात. रात्री घरी तो बोलत नाही म्हणून बायको रागावते, आणि दिवसभर तोंड चालवणाऱ्याला घरी तोंड उघडवत नाही याचा अर्थ तिला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये समजावून दिलेला नसतो.

इथे शास्त्राचा जाणकार वाचक हात वर करील : मनाच्या ताकदीची टाकी असते आणि ती रिकामी होते, हा सिद्धांत तर बाद झाला ना? आक्षेप रास्त आहे. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ बाऊमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. खोलीत ताज्या चॉकलेट बिस्किटांचा घमघमाट, आणि काही जणांना सांगितले, तुम्ही फक्त मुळे खा. मुळे खाणाऱ्यांनी पुढचे अवघड कोडे लवकर सोडून दिले. निष्कर्ष असा की मोह आवरण्यात त्यांची शक्ती संपली. यावर बरीच वर्षे पुस्तके विकली गेली. मग २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून याच सिद्धांताची ठरलेल्या पद्धतीने तपासणी केली आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा टाकीचा सिद्धांत मी मांडत नाही. मुळा खाऊन माणूस हताश होतो हे सांगायला आपल्याला प्रयोगशाळेची गरज कधीच नव्हती. माझा मुद्दा त्याहून किरकोळ आणि म्हणूनच टिकाऊ आहे. तेरा तास ताणलेल्या दिवसात सकाळची पहिली भेट आणि रात्रीची शेवटची भेट यांत माणूस तोच असला तरी त्याचा आवाज तोच नसतो, आणि समोरचे गिऱ्हाईक आवाजच विकत घेते. औषधाचा मजकूर पत्रकावर छापलेला आहेच. तो वाचून दाखवायला माणूस पाठवायची गरज नव्हती.

विश्रांतीची गोष्ट काढली की कंपनीतले लोक कपाळाला आठ्या घालतात, म्हणून साक्षीदार त्यांच्याच गोटातला आणतो. फ्रेडरिक टेलर म्हणजे स्टॉपवॉच हातात घेऊन कामगाराच्या मागे उभा राहणाऱ्या शास्त्राचा आद्य आचार्य. १८९९च्या सुमारास अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात ब्याण्णव पौंडांचे, म्हणजे जवळपास बेचाळीस किलोंचे, लोखंडी ठोकळे वाहणारा एक मजूर दिवसाला साडेबारा टनांवरून सत्तेचाळीस टनांवर गेला, असे त्याने १९११च्या आपल्या ग्रंथात लिहिले. पुढच्या अभ्यासकांनी या कथेतल्या बारीकसारीक गोष्टींवर शंका घेतल्या आहेत, पण कथेची शिकवण काय होती ते सहसा कोणी सांगत नाही. टेलरचा हिशेब असा की एवढे वजन वाहायचे तर मजुराने दिवसाचा त्रेचाळीस टक्के वेळच ओझे उचलावे आणि सत्तावन्न टक्के वेळ हात मोकळे ठेवावेत. ‘आता उचल’ आणि ‘आता बस’ या दोन्ही आज्ञा घड्याळ पाहून दिल्या जात. म्हणजे ज्याच्या नावाने साहेब लोक मिनिटामिनिटाचा हिशेब मागतात, त्याने स्वतः अर्ध्याहून जास्त दिवस हात मोकळे ठेवायला लावले होते. आपल्याकडचा कायदाही साहेबांइतका कठोर नव्हता. औषध विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ साली जो सेवाशर्तींचा कायदा झाला त्याने कामाच्या काळाच्या एक-अकरांश इतकी पगारी रजा ठरवून दिली होती. अकरा दिवस चाललात तर एक दिवस बसा, इतका सरळ हिशेब. एमआरने ती रजा मागितली की साहेब ज्या नजरेने बघतात, ती नजर कायद्यात कुठे आहे हे शोधूनही सापडत नाही.

आता दिवसाकडून महिन्याकडे वळू, कारण दमाची खरी नासाडी तिथे होते. विक्रीच्या जगात महिना एक तारखेला सुरू होत नाही. एक ते पाच मागच्या महिन्याचे निस्तरणे, पाच ते आठ मीटिंग, मग दोन आठवडे ‘अजून बराच वेळ आहे’ (पुल्लिंगी), आणि पंचविसावी उजाडली की ‘वेळ आली’ (स्त्रीलिंगी). त्या शेवटच्या सहा दिवसांना क्लोजिंग म्हणतात. कंपनीने स्टॉकिस्टला घातलेला माल म्हणजे प्रायमरी, आणि स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलेला माल म्हणजे सेकंडरी. पेशंटच्या पोटात गेलेल्या गोळीला या भाषेत नाव नाही. टार्गेट बहुधा प्रायमरीवर मोजतात, म्हणून तीस तारखेच्या संध्याकाळी गोदामात हा संवाद ठरलेला. ‘शेठ, दोन पेट्या घ्या.’ ‘अहो, मागच्याच महिन्यातल्या दोन तशाच पडल्यात.’ ‘घ्या हो, पुढच्या महिन्यात बघू आपण.’ ‘मागच्या महिन्यातही हेच म्हणाला होतात.’ ‘त्या महिन्यातले मी बघितलेच ना!’ शेठ उसासा टाकून बिल घेतात, पेट्या दुकानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकतात, आणि मुख्य कार्यालयातल्या पडद्यावर एक हिरवी रेघ वर चढते. पाच तारखेला त्या पेट्या परतीच्या चिठ्ठीसह उभ्या राहतात. विक्रेत्याने सहा दिवस जिवाचे रान करून जे विकले ते त्याने पुढच्या महिन्याकडून हातउसने आणलेले असते.

हे टार्गेट अनादी काळापासून चालत आलेले आहे असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. अमेरिकेतल्या डेटन गावी गल्ल्याची यंत्रे विकणारे जॉन पॅटरसन यांनी विक्रेत्यांना इलाका वाटून देणे, कोटा ठरवणे आणि काय बोलायचे ते पाठ करायला लावणे या तिन्ही गोष्टी पद्धतशीर केल्या. पाठांतराचे पुस्तक १८८७चे आहे. आजचा एमआर ‘सर, आपलीच जुनी गोळी’ म्हणतो तेव्हा त्या पुस्तकाची शेकडो मैलांवरून नव्हे, सातासमुद्रापलीकडून आवृत्ती निघत असते. आपल्याकडे त्यात सरकारी वर्षाची भर पडली. १८६७ पासून भारताचे आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होते, त्यामुळे वर्षाचे क्लोजिंग मार्चमध्ये येते, म्हणजे विदर्भात ऊन तापायला लागते तेव्हाच. त्याच्या आधीचा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा. त्याचे टार्गेटही त्या मानाने कमी असेल अशी आशा फक्त नवा मुलगा करतो. रोगांचे पंचांग मात्र वेगळेच असते. पाऊस पडला की ताप, खोकला, जुलाब. तेव्हा शेतकऱ्यानंतर महाराष्ट्रात आभाळाकडे डोळे लावून बसलेला दुसरा माणूस म्हणजे तापाची औषधे विकणारा एमआर. पण मृगाने दडी मारली म्हणून जूनचे टार्गेट कमी झाल्याचे ऐकिवात नाही. पॉल ऑयर या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ साली दाखवून दिले की ज्या कंपन्यांचे वर्ष वेगवेगळ्या महिन्यांत संपते त्यांची विक्री त्यांच्या त्यांच्या वर्षअखेरीस फुगते आणि नव्या वर्षाच्या आरंभी पडते. गिऱ्हाइकाची गरज अशी कंपनीगणिक तारीख बघून बदलत नाही. बदलते ती विक्रेत्याची धावपळ.

यावर सेल्स हेडचा आक्षेप तयार असतो आणि तो ऐकून घेतला पाहिजे : ‘तारीख काढून घेतली तर कोणी हलणारच नाही. शेवटच्या आठवड्यात जे पळतात ते आधी का पळत नव्हते?’ याला पुरावाही आहे. थॉमस स्टीनबर्ग यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ठोक बोनसमुळे विक्रेते ऑर्डरी पुढेमागे सरकवण्यापेक्षा मुख्यतः जास्त मेहनतच करतात. म्हणजे सगळीच क्लोजिंगची धावपळ कोपऱ्यातून कोपऱ्यात पेट्या सरकवणारी नसते. मला हे मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते सोयीचेच आहे. तारखेमुळे माणूस पळतो हे खरे, तर मग पळण्याची ताकद कुठल्या दिवसांत खर्चावी हे तारखा ठरवणाऱ्याच्या हातात आले. तीस दिवसांची मेहनत सहा दिवसांत कोंबली की उरलेले चोवीस दिवस माणूस दमतो, पण पळत नाही. दर आठवड्याला छोटी वेस ओलांडायला लावली तर महिन्याच्या शेवटी डोंगर चढायला लागत नाही. दिंडीचेच बघा. एकादशीला पंढरपूर गाठायचे असते म्हणून कोणी नवमीपर्यंत आळंदीत बसत नाही. रोजचा मुक्काम ठरलेला, मुक्कामाला विसावा ठरलेला, आणि विसाव्याला कोणी आळस म्हणत नाही. शेकडो वर्षे लाखो माणसे कोणत्याही एरिया मॅनेजरशिवाय वेळेवर पोचतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. त्याच गावात, त्याच भिंतीपाशी उभा राहून एखादा एमआर दर महिन्याला टार्गेट गाठतो. मग रडणाऱ्यांचे का ऐकायचे? अशा माणसाचे निरीक्षण केले तर तो इतरांपेक्षा जास्त धावताना दिसत नाही. कोणत्या डॉक्टरांची ओपीडी गुरुवारी मोकळी असते, कोणाचे ऑपरेशन मंगळवारी, कुठल्या कंपाउंडरकाकांच्या नातवाची दहावी आहे, हे त्याला पाठ असते. म्हणजे त्याने आपला वेळ वाचवलेला नाही, दुसऱ्याची वेळ ओळखलेली आहे. आणि ज्या तासांत कोणाचीच वेळ नसते त्या तासांत तो शरमिंदा न होता बसतो. पुण्यातल्या दुकानांवरच्या ‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीची टिंगल करून आपण पिढ्यानपिढ्या हसलो, पण माणसाचे शरीर दुपारी मंदावते, जेवण केले नाही तरी मंदावते, हे झोपेचे शास्त्र शिकलेले लोक सांगतात. त्या पेठेतल्या दुकानदाराने शास्त्र न शिकता शटर ओढले. त्याची चूक झाली असेल तर एवढीच की शटरबाहेर उभ्या असलेल्या सेल्समनलाही पेंग येते हे त्याच्या लक्षात आले नाही. यशस्वी विक्रेता या शटरवर डोके आपटत नाही. तो समोरच्या झाडाखाली गाडीवर बसून डबा खातो आणि डोळे मिटतो.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, ॲपमधून बोलला जातो : सूट दिली तर हे लोक सिनेमाला जातील. म्हणून आता मोबाइलमधले ॲप एमआर कुठे आहे ते दाखवते, आणि दवाखान्याच्या आवारात असल्याशिवाय कॉल नोंदवू देत नाही. याने सिनेमा थांबला असेल; पण आता डॉक्टर गावाला गेले आहेत हे ठाऊक असूनही माणूस हजेरी लावायला दवाखान्याच्या कुंपणापाशी जाऊन येतो. यंत्राला तो तिथे आहे एवढे कळते, तो तिथे कशाला आहे हे कळत नाही. रात्री अकराला दिवसाचा कॉल रिपोर्ट भरायचा असतो, तेव्हा दमलेल्या डोक्यातून जे गद्य उतरते ते मराठी कथेला लाजवील. ‘प्रतिसाद उत्साहवर्धक’ म्हणजे सरांनी मान हलवली. ‘फॉलोअप आवश्यक’ म्हणजे हाकलले. ‘पुढील भेटीत सविस्तर चर्चा’ म्हणजे दवाखाना बंद होता. एरिया मॅनेजर हे सारे वाचून वरच्यांना कळवतात की मार्केट पॉझिटिव्ह आहे, आणि त्यावरून पुढच्या तिमाहीचे टार्गेट ठरते. पहारा ठेवून सत्य मिळेल अशी कल्पना होती. मिळाले ते ललित लेखन. एमआरवर विश्वास ठेवला असता तर फार तर चार जण सिनेमाला गेले असते, पण उरलेल्यांनी दवाखाना बंद होता असे सरळ लिहिले असते, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाची तरी चक्कर वाचली असती.

तेव्हा करायचे काय, हे सांगायला क्रांतीची गरज नाही. सगळ्यात अवघड डॉक्टरांची भेट अंगात दम असतो त्या प्रहराला ठेवावी आणि ओळखीचे, गोड बोलणारे डॉक्टर संध्याकाळसाठी राखावेत. सध्या उलटे होते, कारण गोड माणसापासून दिवस सुरू करायला सगळ्यांनाच आवडते. रिपोर्ट दवाखान्याच्या पायरीवरच चार शब्दांत लिहावा, म्हणजे रात्री साहित्य निर्माण होणार नाही. एकच औषध विकणारे तिघे वैरी रोज एकाच दारात भेटतात तर त्यांनी कोणत्या दारात कधी जायचे हे आपापसांत ठरवावे. स्पर्धा कायद्याचा भंग न होता थोडा बाक मोकळा होईल. कंपनीने मीटिंगा डॉक्टरांच्या वेळेत घेऊ नयेत, टार्गेट आठवड्यांत वाटावे आणि ते गोळी दुकानाबाहेर पडल्यावर मोजावे, गोदामात सरकल्यावर नव्हे. डॉक्टरांनी एक जादा बाक टाकावा. हे सगळे करूनही थांबणे संपणार नाही, कारण विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या दारात थांबायचे हा बाजाराचा जुना करार आहे आणि तो मोडावा असे मीही म्हणत नाही.

फक्त एक मागणी उरते, आणि ती व्याकरणाची आहे. डॉक्टरांजवळ ती वेळ आहे, स्टॉकिस्टशेठजवळ आहे, शटर ओढून झोपलेल्या दुकानदाराजवळ तर छापील आहे. एकट्या विक्रेत्याजवळ मात्र नुसता तो वेळ, वाटेल त्याने वाटेल तेव्हा उचलावा असा. त्याच्या मालकीची एक तरी वेळ असावी, ठरलेली आणि पाटीवर रंगवलेली. खर्च फारसा नाही. दवाखान्याची पाटी रंगवणारा पेंटर त्याच भावात आणखी एक रंगवून देईल. घराच्या दाराला लावता येईल, नाहीतर मोटारसायकलच्या पुढच्या काचेवर : ‘एरिया मॅनेजर : फोन फक्त सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ६.३० ते ७’. आणि साहेबांनी त्याआधी फोन केलाच, तर कंपाउंडरकाकांच्या आवाजात, घाई न करता सांगावे : ‘सर जेवायला निघालेत.’